कचोरीवाल्याची उधारी

‘आत्मचरित्र कसं लिहावं’ या विषयावर बोला, असं नभोवाणीच्या मंडळींनी सुचवलं तेव्हा मला हसू आलं. माझ्या आत्मचरित्राची वही आजवर तीन वेळा सुरू झाली आणि तिन्ही वेळा विसाव्या-पंचविसाव्या पानावर अडली. अशा माणसानं या विषयावर बोलायचं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहिरीच्या कठड्यावर बसून हात कसे मारायचे ते सांगण्यातला प्रकार. पण ज्याला हे काम उत्तम जमलं होतं असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. ओळखीचा म्हणजे पुस्तकातून. मोगल काळातला, आग्र्याचा एक व्यापारी, धंद्यात वारंवार बुडालेला. त्याची हकिगत सांगितली की माझी वही कुठं अडली तेही ओघानं सांगून होईल.

आधी एक समज बाजूला करू. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी एका मित्राची शंका नोंदवली आहे. मित्राचं म्हणणं असं, की आत्मकथा लिहिणं ही पश्चिमेकडची रीत, आपल्याकडे हे कुणी केलेलं नाही. गांधीजींनी शंका ऐकून घेतली आणि लिहायचं ते लिहिलंच. पण ती शंका मुळातच खरी नव्हती. आपल्या महाराष्ट्रात तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी सतराव्या शतकात स्वतःची कहाणी अभंगांत सांगून ठेवली आहे. नवऱ्याकडून झालेली मारहाणही त्यांनी लपवली नाही. त्यांच्याही आधी बाबर बादशहानं आपलं आयुष्य तुर्की भाषेत लिहिलं. पुढे अकबराच्या काळात, १५८९ साली, अब्दुल रहीम खानखानानं त्याचा फारसी तर्जुमा केला. दोह्यांमुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा रहीम.

बाबराबद्दल आपल्याकडे हल्ली फक्त भांडण होतं, वाचन होत नाही. मी इथं लेखक बाबराबद्दल बोलतोय. बारा वर्षांचा असताना तो फरगण्याचा राजा झाला. कारण काय, तर बापाचा कबुतरखाना दरडीसकट खाली गेला आणि बापही त्याच्याबरोबर गेला. असल्या मृत्यूला भव्य करायचा मोह कुणालाही झाला असता. बाबर दोन ओळींत सांगतो आणि पुढे जातो. तरुणपणी बाजारातल्या एका मुलावर जीव जडला आणि आपण डोक्याला काही नाही, पायांत काही नाही अशा अवस्थेत गल्ल्यांतून भटकत होतो, हेही तो सांगतो. अखेरच्या वर्षांतली, १५२९ मधली, एक नोंद मला फार आवडते. छावणीत रात्री वादळ झालं, तंबू कोसळला, लिहून ठेवलेले कागद भिजले. बादशहा पहाटेपर्यंत ती पानं गोळा करत, वाळवत बसला. हिंदुस्थान जिंकलेला माणूस आपल्या भिजलेल्या आयुष्याची पानं शेकोटीपाशी उलटीपालटी करतोय, हे चित्र लिहिणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे.

पण बाबर बादशहा होता. त्याला लाज वाटायचं कारण नव्हतं. त्याच्या चुकाही इतिहासात जमा होणार होत्या. तुमच्या-माझ्यासारख्या माणसानं आपली कथा का लिहावी आणि लिहिलीच तर तिच्यात घालायचं काय, याचं उत्तर बाबराकडे मिळत नाही. ते बनारसीदासाकडे मिळतं.

बनारसीदास १५८६ साली जौनपूरला जन्मला. श्रीमाळ जैन, घरात जवाहिराचा व्यापार. त्यानं १६४१ साली आग्र्यात आपली जीवनकथा पद्यात लिहिली. तिचं नाव ‘अर्धकथानक’. नावामागचा हिशेब असा, की माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर आपल्याला आता पंचावन्नावं चालू आहे, म्हणजे कथा निम्मी झाली. मलाही यंदा पंचावन्नावं सरतंय. मी हा हिशेब वाचला तेव्हा त्याची पोथी मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. दुसरा निम्मा भाग त्यानं कधी लिहिला नाही. ही पोथी तीनशे वर्षं जैन भांडारांतच राहिली आणि १९४३ साली मुंबईतले हिंदी प्रकाशक-संशोधक नाथूराम प्रेमी यांनी ती संपादून छापली. गांधीजींच्या त्या मित्राला ती माहीत असणं शक्यच नव्हतं.

पद्य साधं आहे. बनारसीदासानं ‘समयसार’ या प्राचीन जैन ग्रंथावर १६३६ साली जे काव्य रचलं, ते जैन समाज आजही आदरानं वाचतो. तिथं तो पंडित आहे. ‘अर्धकथानका’त मात्र त्यानं मध्यदेशाची रोजची बोली घेतली. ज्या भाषेत भाव ठरतात, उधारी होते, भांडणं होतात, त्या भाषेत. आत्मचरित्राची भाषा कोणती असावी असं कुणी मला विचारलं तर मी हेच दाखवतो. पांडित्याची भाषा अंगावर चढवली की माणूस सभेत बसल्यासारखा ताठ बसतो.

आता तो सांगतो काय ते पाहा.

पहिल्याच भागात तो आपल्या नावाची फजिती सांगतो. घरात त्याचं नाव विक्रमाजीत ठेवलं होतं. तान्हा असताना आई-वडील त्याला बनारसला पार्श्वनाथाच्या दर्शनाला घेऊन गेले. तिथल्या पुजाऱ्यानं ध्यान लावल्याचं सोंग केलं, मला यक्षानं दर्शन दिलं म्हणाला, आणि मुलाला या तीर्थाचं नाव द्या म्हणजे तो दीर्घायुषी होईल असं सांगितलं. झालं, विक्रमाजीतचा बनारसी झाला. पुजाऱ्याचा तो बनाव होता हे बनारसीदास स्वतःच लिहितो. ज्या नावानं जग आपल्याला ओळखतं ते एका ठकबाजीतून आलं, हे आत्मचरित्राच्या आरंभी सांगायला छाती लागते.

मग पंधराव्या वर्षीचा इश्क. बापाची माणकं चोरून प्रेमपात्राला भेटी पाठवल्याची कबुली. त्याच सुमारास बायकोला आणायला सासुरवाडीला गेला आणि अंगभर फोड आले. कुणी जवळ बसेना. बायको आणि सासू तेवढ्या औषध लावायच्या. एका न्हाव्यानं बरं केलं. पुढे एका संन्याशानं मंत्र दिला. वर्षभर शौचकूपात बसून गुपचूप जप कर, मग रोज दारात एक दिनार पडलेली सापडेल. आमच्या कवीनं वर्षभर तो जप केला! वर्ष भरलं त्या सकाळी उठून दार उघडलं. दारात काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं.

१६०५ साली अकबर वारल्याची बातमी जौनपूरला आली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसला होता. ऐकल्याबरोबर घेरी येऊन खाली पडला आणि डोकं फुटलं. आईनं कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. बाहेर शहराची काय गत झाली, तेही तो सांगतो. लोकांनी दुकानं बंद केली, दागिने पुरले, भारी कपडे लपवून जाडीभरडी वस्त्रं घातली. श्रीमंत कोण, गरीब कोण, ओळखू येईना. दहाएक दिवसांनी आग्र्याहून चिठ्ठी आली, की जहांगीर तख्तावर बसला आहे, सगळं शांत आहे. तेव्हा कुठं दारं उघडली. राजा मेल्यावर सामान्य माणसाच्या घरात नेमकं काय होतं, हे दरबारी बखरकारांनी कधी लिहिलं नसतं. इतिहासाचे अभ्यासक या पोथीला जपतात ते अशा पानांसाठी.

त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट माझ्यासारख्या कवीला जास्त झोंबणारी. त्यानं शृंगाराची हजारेक पद्यं रचली होती. एकदा मित्रांबरोबर गोमतीच्या पुलावर बसून तो ती पोथी वाचत होता. वाचता वाचता मनात आलं, एक खोटं बोललं तरी माणूस नरकात जातो म्हणतात, इथं तर मी हजार पद्यं भरून खोटं लिहिलंय. आणि पोथी नदीत सोडून दिली. मित्र हाय हाय करत राहिले.

व्यापारात तो कायम बुडीत. आग्र्याला माल घेऊन गेला तर कधी नाडीत बांधलेली रत्नं पडली, कधी उंदरांनी कापडात बांधलेली माणकं पळवली. शेवटी घरातल्या वस्तू विकून खायची पाळी आली. घरीच बसून असायचा. रात्री दहा-वीस माणसं जमायची आणि हा त्यांना ‘मधुमालती’ नि ‘मृगावती’ वाचून दाखवायचा. ‘मृगावती’ कुतुबनची, १५०३ सालची. ‘मधुमालती’ मंझनची, १५४५ची. दोघेही सूफी मुसलमान कवी, लिहायचे अवधीत. एक बुडालेला जैन व्यापारी रात्री दिव्याच्या उजेडात या दोघांची काव्यं गातोय आणि आग्र्याची मंडळी ऐकताहेत. हे मी मुद्दाम सांगतोय असं समजू नका. बनारसीदासानं ते मुद्दाम सांगितलेलं नाही. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, वाचायला चांगल्या पोथ्या होत्या एवढंच.

श्रोत्यांत एक कचोरीवाला असायचा. त्याच्याकडून हा उधारीवर कचोऱ्या घेऊन खायचा. काही दिवसांनी मनाला लागलं. एकांतात गाठून त्याला म्हणाला, बाबा रे, मला उधार देऊ नकोस, माझ्याकडून पैसे येण्याचं लक्षण नाही. कचोरीवाला म्हणाला, तुम्ही वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. कित्येक महिने तो माणूस त्या कचोऱ्यांवर जगला. पुढे चार पैसे हाती आले तेव्हा उधारी फेडली, याचीही नोंद आहे.

मी हे पान पुन्हा पुन्हा वाचतो. बनारसीदासानं तीन लग्नं केली, नऊ मुलं झाली आणि नऊही गेली. हे दुःख तो फार थोड्या शब्दांत सांगतो. पण कचोरीवाल्याशी झालेलं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहितो. माझ्या मते तो व्यापारी होता म्हणून हे त्याला सुचलं. जमा-नावेची वही लिहिणाऱ्याला सवय असते, की आलेलंही लिहायचं आणि देणं असेल तेही. देणं लिहिताना लाज वाटते म्हणून ते गाळलं तर वही जुळतच नाही. ‘अर्धकथानक’ संपताना तो आपले गुण सांगतो आणि लगेच दोषही. थापा मारतो, उगाच घाबरतो, एकांत मिळाला की एकटाच नाचतो. तेही लिहिलंय.

नऊ गोष्टी जगाला सांगू नयेत असं एक जुनं संस्कृत वचन आहे. वय, पैसा, घरातली छिद्रं, मंत्र, शरीरसंग, औषध, दान, मान आणि अपमान. बनारसीदासाला ते ठाऊक होतं. पण वर जे सांगितलं त्यात यातल्या किती गोष्टी येऊन गेल्या ते तुम्हीच मोजा.

मराठीतही हे धैर्य दाखवणारे आहेत. नाना फडणवीसांनी तरुण वयातल्या आयुष्याचा थोडका आत्मवृत्तान्त लिहिला आहे. त्यात मनातले विकार आहेत आणि १७६१ चं पानिपतही आहे. जीव घेऊन पळाल्याचं ते सांगतात. आई बरोबर होती, ती त्या धांदलीत गेली. पुढच्या सगळ्या कारभाराबद्दल त्यांनी असं काही लिहिलं नाही. राज्य चालवणाऱ्याला ते परवडलं नसावं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून येऊ लागली. वडिलांचं सोवळ्याचं वेड आणि नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा त्यांनी असा हसत सांगितला, की कुणाची अब्रू गेली असं वाटतच नाही. हे हसणं शिकून येत नाही. आणि १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. दगडू मारुती पवार हा माणूस आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतोय, अशी त्याची मांडणी. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुता, म्हणून आपल्याच माणसांची बोलणी पवारांना खावी लागली. घरचं नाव एक आणि छापलेलं नाव दुसरं. या दोन नावांमध्ये जी फट राहते ती मला चांगली माहीत आहे.

माझी वही तिथंच अडते.

माझं टोपणनाव असं आहे, की ते ऐकून माणूस कुठल्या धर्माचा ते कळत नाही; कळलंच तर चुकीचं कळतं. मी ते कॉलेजात असताना घेतलं, फक्त कवितेसाठी. १९९१ साली बी. ए. झालो आणि पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागलो. १९९३ च्या जानेवारीत खोली शोधत होतो. ते दिवस कसे होते हे सांगायला नको. एका पेठेत एक वयस्कर बाई खोली देत होत्या. त्यांनी नाव विचारलं. मी टोपणनाव सांगितलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, “अरे, दिवाळी अंकात कविता आलेली तुझीच का?” खोली मिळाली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी वर यायची.

मार्चमध्ये रमजान संपत आला होता. अम्मा न कळवता आली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पहाटेची एसटी, सहा तासांचा प्रवास, वर तिचा रोजा. स्वारगेटवरून तिनं छापखान्यात फोन करवला. मी गेलो. तिच्या पिशवीत हातानं केलेल्या शेवयांचे दोन पुडे होते. एक मला, एक मालकिणीला. स्टँडपासून माझी खोली पायी वीस मिनिटांवर. मी तिला म्हणालो, खोली फार लहान आहे, मालकीणबाईंना पाहुणे चालत नाहीत. दोघं बाकड्यावर बसलो. मी चहासुद्धा घेतला नाही, तिचा रोजा म्हणून. तेवढंच काय ते चांगलं वागलो. चारच्या गाडीला बसवलं. खिडकीतून म्हणाली, “मालकीन कू मेरा सलाम बोल, बेटा.” रोजा तिनं त्या गाडीतच कुठंतरी सोडला असणार.

बनारसीदासाच्या पोथीत वाटेवरचा एक प्रसंग आहे. आग्र्याला जाताना इटाव्याजवळ रात्री पाऊस लागला. सराईत जागा नाही, कुणी दार उघडेना. एका बाईला दया आली, ती घरात घ्यायला निघाली, तर तिचा नवरा काठी घेऊन धावला. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत आसरा मिळाला, तर तिथंही एक दांडगा माणूस आला. तो खाटेवर झोपला आणि हे सगळे खाटेखाली, तरटावर. त्याला दार बंद झालं होतं, हे मी समजू शकतो. माझ्या बाबतीत कुणी दार बंद केलं नव्हतं. मालकीणबाईंनी अम्माला घरात घेतलं असतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना ते विचारलंच नाही. दोन्ही पुडे मी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना वाटून टाकले. गावाकडच्या आहेत, म्हणालो.

इथपर्यंतही ठीक होतं. तरुणपणी माणूस भितो. पण पुढे मी कवी म्हणून बोलायला जाऊ लागलो, तेव्हा ही गोष्ट व्यासपीठावरून सांगू लागलो आणि सांगताना ती बदलली. माझ्या गोष्टीत अम्मा खोलीवर येते. मालकीणबाई तिला पाट देतात. दोघी मिळून शेवयांची खीर करतात. एकीला मराठी नीट येत नाही, दुसरीला उर्दू येत नाही, आणि तरी दोघी तासभर बोलतात. वीस वर्षं मी ही गोष्ट सांगितली. लोकांचे डोळे भरून यायचे. एका शहरात तर अध्यक्षांनी समारोपात पुन्हा सांगितली. अशा गोष्टींची आपल्याला किती गरज आहे, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंही होतं. मलाही हळूहळू ती घडलेली वाटू लागली. अम्मा एकदा श्रोत्यांत बसली होती. तिनं ती गोष्ट पूर्ण ऐकली, आणि घरी येताना, येताना काय, मरेपर्यंत, त्याबद्दल एक शब्द काढला नाही. २०११ साली ती गेली. मालकीणबाई त्याच्या कितीतरी आधी.

तिन्ही वेळा वही अडली ती याच पानावर. खरं लिहावं तर इतक्या लोकांना सांगितलेली चांगली गोष्ट खोटी ठरते. खोटं लिहावं तर अम्मानं ऐकलेलं आहे. गोमतीच्या पुलावरचा बनारसीदास मला तेव्हा कळला. कल्पनेतला शृंगार लिहिणं त्याला खोटं वाटलं, आणि पुढे छत्तीस वर्षांनी आत्मकथा लिहिताना त्यानं साधी कचोरीची उधारीसुद्धा सोडली नाही.

नव्यानं लिहू पाहणारे मला विचारतात, सुरुवात कुठून करू? जन्मापासून करू नका, एवढं मी सांगतो. जन्माचं आपल्याला आठवत नसतं, ते ऐकीव असतं. ज्या गोष्टीत तुम्ही सारखे चांगले दिसता ती गोष्ट घ्या आणि तिथं हजर असलेल्या दुसऱ्या माणसानं ती कशी सांगितली असती ते लिहून पाहा. हात थरथरला तर समजा लिहायला लागलात. दुसऱ्यांची गुपितं मात्र त्यांची आहेत. बनारसीदासानं जास्तीत जास्त फजिती स्वतःचीच केली आहे, मित्रांना आणि बायकोला त्यानं सांभाळून घेतलं आहे.

मागच्या महिन्यात चौथी वही आणली. या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाला निघालो तेव्हा बायकोनं विचारलं, “आज तुमची ती मालकीणबाईंचीच गोष्ट का?”

“तीच.”

“शेवयांची?”

“शेवयांचीच,” मी म्हणालो. “पण अम्मा स्टँडवरूनच परत जाते.”

तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मला अम्मांनी सांगितलं होतं.”